आपोआप जमा झालेले पत्ते

"दोनशे चौदा," सोनिया म्हणाली. "नाना, इतने लोग तो मेरी शादी में भी नहीं आएँगे।"

"तुझ्या लग्नाले पाचशे येतील. तू बटन दाब."

सोनियाने बटण दाबलं नाही. पत्ते एकदा नजरेखालून घालू, गेलेल्या माणसांची नावं कमी करू, मग एक्स्पोर्ट करू, असं ती सकाळपासून सांगत होती. नानांना ते मान्य नव्हतं. गेलेल्यांची मुलं तोच मेल उघडतात, नाव कशाला काढायचं, असा त्यांचा मुद्दा होता. आजोबा आणि नात दोघंही एका हट्टाची, त्यामुळे नऊ वाजता सुरू झालेलं काम साडेअकराला तिथंच होतं.

महालक्ष्म्यांना बारा दिवस उरले होते. मोहरीलांच्या घरात महालक्ष्म्यांचं आमंत्रण धाडणं हे नानांचं खातं. रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसातून निवृत्त झाल्यावर ते संगणक शिकले तेच मुळी यासाठी. पूर्वी पोस्टकार्डं जायची, आता ई-मेल जायचा. नागपूर, अमरावती, अकोला, दुर्ग आणि अलीकडे पार कॅनडापर्यंत. व्हॉट्सअॅपवर आमंत्रण दिलं की लोक हात जोडल्याचं चित्र टाकून मोकळे होतात आणि जेवायला येत नाहीत, हे नानांचं ठाम मत होतं. पण संगणकच आता थकला होता. सुरू व्हायला वीस मिनिटं घ्यायचा आणि त्याच्या पंख्याच्या आवाजात टीव्ही ऐकू यायचा नाही. म्हणून शिशिरने वडिलांसाठी लॅपटॉप घेतला आणि आजच्या रविवारी नवा रायपूरहून बायको-मुलीला घेऊन तो जुन्या रायपुरातल्या बूढापाऱ्यात, वडिलांच्या घरी आला. जुन्या मेलमधले पत्ते एका फाइलमध्ये काढायचे, ती फाइल नव्या मेलच्या अॅड्रेस बुकमध्ये भरायची, आणि चार वाजता भंगारवाला येऊन जुनं धूड घेऊन जाणार, असं ठरलं होतं.

गंधाली जमिनीवर बसून चिंचेने महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे घासत होती. तिचे कान संगणकाकडे आणि नजर सासूकडे होती. मंदाकिनीबाई ताटात आंबिलीची ज्वारी निवडत होत्या. मुखवट्यांना हात लागला की सासूबाईंच्या तोंडून एक वाक्य येतं, हे गंधालीला अकरा वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. महालक्ष्म्या उंबऱ्याच्या आत आणायच्या त्या घरच्या लेकीने, ही मोहरीलांची रीत. लेक घर सोडून गेल्यापासून ते सूनच करत आली. दरवर्षी उपास धरून, नववारी नेसून, पावलं काढत ती महालक्ष्म्या आत आणायची, आणि दरवर्षी सासूबाई पदराने डोळे टिपत म्हणायच्या, "यामिनी असती तर..." त्या पुढे काही म्हणत नसत. गंधालीला मात्र पुढचं सगळं ऐकू यायचं.

आज त्या अजून काही बोलल्या नव्हत्या.

"ठीक है नाना, आप जीते," सोनिया म्हणाली. "पण कुठलं बुक काढू? इथं दोन आहेत."

"दोन कसे? मी एकच बनवलं."

"एक तुम्ही बनवलेलं. दुसरं सॉफ्टवेअर खुद बनाता है। इथून ज्याला मेल जातो ना, त्याचा पत्ता तो अपने आप रख लेता है। लिहिलंय बघा, आपोआप जमा झालेले पत्ते."

"त्यात बिजली ऑफिस अन् पेन्शनवाले असतील. सोडून दे."

"एक बार देख तो लूँ।" सोनिया वाचू लागली. "पेन्शन... गॅस एजन्सी... नागपूरचे डॉक्टर... यामिनी मोहरील." ती थांबली. "पापा, ये यामिनी आत्या हैं ना?"

गंधालीचा हात मुखवट्यावर थबकला. या घरात ते नाव वर्षातून एकदा, पदराआडून उच्चारलं जायचं. असं खणखणीत, बिजली ऑफिसच्या रांगेत बसवून कुणी घेतलं नव्हतं.

नाना खुर्चीत सरळ झाले. "ते नाव मी काढलं होतं. माझ्या हातानं. सगळ्यांच्या समोर."

"तुमच्या बुकात नाहीच आहे. हे दुसऱ्यात आहे. म्हणजे इथून कुणीतरी त्यांना मेल लिहिला."

नानांनी शिशिरकडे पाहिलं. सचिवालयात चाळीस माणसं ज्याला साहेब म्हणतात तो शिशिर पुस्तक हरवलेल्या शाळकरी मुलासारखा म्हणाला, "मी नाही नाना. कसम से." आणि मग त्याने बायकोकडे पाहिलं.

तेवढं पुरलं. गंधालीने मुखवटा खाली ठेवला. "माझ्याकडे काहून पाहून राहिले? मी लिहीन तिले? अकरा वर्षं तिची जागा भरून राहिली मी, तरी भरत नाही ती, अन् मी तिले पत्रं धाडीन?"

हे बोलायचं तिच्या मनात नव्हतं. बोलल्यावर मात्र तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

"तिच्यावर काहून जाता?" मंदाकिनीबाई ताटातून मान वर न करता म्हणाल्या. "मी लिहिलं."

खरं तर मंदाकिनीबाईंना भीती वाटायला हवी होती. दोन वर्षं त्यांनी या क्षणाची भीती बाळगली होती. आता तो आला तर फक्त थकवा वाटला.

सोनिया होस्टेलला जायच्या आधी त्यांनी तिच्याकडून मेल लिहायचा शिकून घेतला होता. अकोल्याच्या बहिणीला पाककृती धाडायच्या आहेत, असं सांगून. नाना दुपारी दोन ते साडेतीन झोपत. तेवढ्यात त्या एका बोटाने टाइप करत. एक पत्र तीन दुपारी खाई. लेकीचा फोन नंबर कधीच बदलला होता, आणि नवा विचारायचा तरी कुणाला? पण तिच्या कॉलेजच्या दिवसांतला मेलचा पत्ता त्यांना तोंडपाठ होता. तिचं नाव आणि त्यापुढे तिच्या जन्माचं साल. पत्र गेलं की त्या पाठवलेल्या पत्रांतून ते पुसून टाकत. आणखी कुठे त्याची नोंद राहत असेल हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या आलेल्या पत्रांत बघू लागत. विजेचं बिल. पेन्शनची सूचना. बँकेच्या जाहिराती, त्याही त्या खालपर्यंत वाचत, न जाणो. एकतीस पत्रं त्यांनी लिहिली. आंबाडीच्या भाजीबद्दल, गुडघ्यांबद्दल, बूढा तलावाच्या नव्या दिव्यांबद्दल. उत्तर का देत नाहीस, असं एकदाही लिहिलं नाही. यामिनी नवऱ्याला घेऊन दारात आली होती आणि नाना ओरडत होते, तेव्हा आपण एक शब्द बोललो नाही. ज्या आईने त्या दिवशी तोंड उघडलं नाही तिला उत्तर मागायचा हक्क नाही, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"माझ्या नावानं लिहिलं?" नानांचा आवाज चढला.

"खाली माझं नाव घालत होती. तुमचं काहून वापरू?"

"मले विचारलं नाही."

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हटलं असतं?" मंदाकिनीबाईंनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "अन् घाबरू नका. तिनं एकाचंही उत्तर दिलं नाही. तुमचीच लेक आहे ते."

नानांना यावर समाधान वाटायला हरकत नव्हती. ते वाटल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"एक भी नहीं, आजी? दो साल में?" सोनियाला हे पटेना. "इनबॉक्समध्येच पाहिलं ना तुम्ही?"

"अन् कुठं पाहू, बाई? मले तेवढंच दाखवलं होतं तू."

शिशिर उठून खिडकीशी गेला. खाली गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर अडकल्या होत्या आणि कुणीच मागे जायला तयार नव्हतं. तो ते भांडण फार लक्ष देऊन बघू लागला.

त्याला आठवलं होतं. 'इनबॉक्स' हा शब्द ऐकल्याबरोबर सगळं आठवलं होतं. यामिनीने राउरकेल्याच्या दिलीप नायकशी कोर्टात लग्न केलं त्याच आठवड्यात नानांनी त्याला याच खुर्चीवर बसवलं होतं. "तिचं पत्र माझ्या डोळ्यासमोर आलं नाही पाहिजे. आलं की सीधं नष्ट झालं पाहिजे, असं करून दे." शिशिरने तसा नियम लावून दिला. तिच्या पत्त्यावरून आलेलं पत्र इनबॉक्समध्ये थांबणारच नाही. फक्त शेवटच्या घडीला त्याचं बोट 'नष्ट करा'वर पडेना. त्याने एक फोल्डर केला, पत्रं तिकडे वळवली आणि फोल्डरला नाव दिलं, 'नंतर'. दोन-तीन महिन्यांत नाना निवतील, मग उघडून दाखवू, असा त्याचा हिशेब होता. मग बदली आली, फ्लॅट आला, सोनियाची दहावी आली. धाकट्या बहिणीला भाऊबीजेच्या दिवशी आठवायचं आणि इतर दिवशी विसरायचं, याची त्याला हळूहळू सवय झाली.

आता नुसतं गप्प बसलं तरी चाललं असतं. फाइलमध्ये पत्ते जाणार होते, पत्रं जाणार नव्हती. चार वाजता भंगारवाला येणार होता. कुणाला कधीच काही कळलं नसतं. उलट आई म्हणाली तेच सगळ्यांच्या सोयीचं होतं: यामिनीने उत्तरच दिलं नाही.

त्याने वळून पाहिलं. आई पुन्हा ज्वारी निवडायला लागली होती.

"सोनिया," तो म्हणाला, "डाव्या बाजूला, सगळ्यात खाली जा. तिथं एक फोल्डर आहे."

"कौन सा? 'नंतर'?"

"हव. उघड."

माऊसचा टकटक आवाज आला. संगणकाच्या पंख्याची घरघर वाढली.

"पापा..." सोनिया म्हणाली. "अडतीस हैं। सब आत्या के। एक भी खुला नहीं है।"

मंदाकिनीबाई उठल्या. गुडघ्यावर हात न ठेवता त्या उठल्या, हे फक्त गंधालीच्या लक्षात आलं.

"तुले मालूम होतं, शिशिर?"

"फोल्डर मालूम होता. त्यात पत्रं येऊन राहिली हे नाही. मी... मी कधी उघडून पाहिलंच नाही, आई."

"काहून?"

त्यांनी रागाने विचारलं नव्हतं. रागावल्या असत्या तर शिशिरला काहीतरी उत्तर सुचलं असतं.

"मीच सांगितलं होतं त्याले," नाना म्हणाले. कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

गंधालीने चिंचेचे हात पदराला पुसले, सोनियाला खुर्चीवरून उठवलं आणि तिथं सासूला बसवलं. चष्मा आणून दिला. चष्मा घातला तरी मंदाकिनीबाईंना अक्षरं लागेनात. सोनियाला मराठी वाचता यायचं, पण अडखळत. तेव्हा गंधालीच मागे उभी राहिली आणि जिच्या नावाने अकरा वर्षं तिचा जीव जळला होता तिची पत्रं तिने वाचायला घेतली.

सगळ्यात वरचं, सगळ्यात शेवटी आलेलं होतं. एकवीस मेचं.

"आई, ऊन फार होतं, म्हणून आली नसशील. बरं केलंस. मीरा डब्याच्या दारात उभी होती. प्लॅटफॉर्मवरच्या एकेका म्हाताऱ्या बाईकडे बोट दाखवून विचारायची, ही का माझी आजी? गाडी सुटल्यावर मी तिला सांगितलं की आजीचे गुडघे दुखतात. तू माझ्या उत्तरांबद्दल कधी काही लिहीत नाहीस. नानांच्या धाकानं लिहीत नसशील. म्हणून आता मी उत्तर देणं थांबवते. माझ्यापायी तुला घरात बोलणी बसायला नकोत. तू मात्र लिहीत राहा. तुझं पत्र आलं की मी ते आधी मीराला वाचून दाखवते. तिला आंबाडीची भाजी कशी करतात ते पाठ झालंय."

गंधाली थांबली.

"कुठली गाडी?" मंदाकिनीबाईंनी विचारलं. "कोणत्या प्लॅटफॉर्मवर?"

गंधालीने त्याच्या खालचं पत्र उघडलं. "आई, एकोणीस मेला आम्ही मुंबईला चाललो आहोत. गाडी दुपारी दीडला रायपूरला येते, दहा मिनिटं थांबते. डबा एस-चार. घरी यायचं धाडस नाही माझ्यात. पण तू स्टेशनवर आलीस तर दहा मिनिटं तरी बघीन तुला. नानांना सांगू नकोस. माझा नवा नंबर खाली देते."

"एकोणीस मे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्या आठवू लागल्या, आणि त्यांना आठवलं. त्यांनी समोरच्या पडद्यावर तळवा टेकला. "दीड वाजता म्हणते ते. त्या दिवशी नाना लवकर झोपले होते. मी इथंच बसली होती, गंधाली. याच खुर्चीवर. तिचं पत्र आलं का पाहून राहिली होती."

स्टेशन तिथून रिक्षाने पंधरा मिनिटांवर होतं.

गंधालीने सासूच्या खांद्यावर हात ठेवला. एरवी तिने असं केलं नसतं, आणि एरवी सासूबाईंनी तो राहू दिला नसता. शिशिर भिंतीला टेकून खाली बसला होता. सोनियाने त्याला पाणी आणून दिलं. ते त्याने घेतलं नाही.

"नाना," सोनिया हळूच म्हणाली, "सबसे नीचे जो पाँच हैं, वो सबसे पुराने हैं। उसी साल के। वो आपके नाम हैं।"

नानांनी हात हलवला. वाच असंही नाही आणि नको असंही नाही.

तीस वर्षं नानांनी गाड्या चालवल्या होत्या, कंट्रोलच्या टेबलावर बसून. कोणती गाडी कुठे उभी करायची, कुणाला पुढे काढायचं, कुणाला कडेला घालायचं, हे त्यांच्या एका शब्दावर व्हायचं आणि चूक झाली तर त्यांना जाब द्यावा लागायचा. त्या दुपारच्या गाडीचं सगळं त्यांना पाठ होतं. ती कुठल्या प्लॅटफॉर्मवर लागते, एस-चार डबा साधारण कुठे येतो, हे ते डोळे मिटून सांगू शकत होते. त्या पोरीला हे माहीत होतं. नानांना सांगू नकोस, असं तिने लिहिलं होतं, आणि त्या शब्दांनी त्यांना आत कुठेतरी इतकं लागलं की ते बसल्या जागी श्वास मोजू लागले. लेक गेली याचा त्यांना राग होता, असं त्यांनी अकरा वर्षं सगळ्यांना सांगितलं. ती परत आली नाही याचं त्यांना दुःख होतं, हे त्यांनी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. दर वर्षी आमंत्रण धाडल्यावर आठ दिवस ते उत्तरं तपासत बसायचे. दोनशे चौदा माणसांत ते नेमकं कुणाचं उत्तर शोधत होते, हे त्यांना आत्ता कळलं.

"नंबर आहे इथं," गंधाली म्हणाली. "लावू?"

"आत्ता?" मंदाकिनीबाई घाबरल्या. "मी काय बोलू तिच्याशी?"

"काही पण बोला. आई आहात."

गंधालीनेच लावला. आवाज मोठा करून फोन सासूच्या हातात दिला. तीनदा वाजला, चारदा वाजला. शिशिर उठून उभा राहिला.

"हॅलो?"

आवाज जरा जाड झाला होता. तरी तोच होता.

"यामिनी," मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्यांनी शिशिरकडे पाहिलं, त्याचा उतरलेला चेहरा पाहिला, नानांकडे पाहिलं. मग त्या घाईघाईने बोलल्या, "ऊन फार होतं गं त्या दिवशी. म्हणून नाही आली मी. चुकलं माझं. माझंच चुकलं."

"आई?" पलीकडून आलं. "आई, तू बोलून राहिली?"

"इकडे दे," नाना म्हणाले.

मंदाकिनीबाईंनी फोन छातीशी धरला. नानांनी हात पुढे केला तो तसाच ठेवला. शेवटी मंदाकिनीबाईंनी तो दिला.

"यामिनी, मी नाना." त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला होता. "तुझी आई खोटं बोलून राहिली. तिले तुझी पत्रं भेटलीच नाहीत. एकही नाही. मी बंद करून ठेवली होती. अकरा वर्षं. तिले आजच समजलं. ते स्टेशनवर आली असती, पोरी. अनवाणी आली असती."

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला, आणि मग एक लहान, स्पष्ट आवाज.

"मम्मी रो रही है। आप कौन?"

नानांनी तोंड उघडलं. आमंत्रणाखाली सही करताना त्यांची दोन ओळींची ओळख तयार असायची, नाव, हुद्दा, निवृत्त. त्यातलं काहीच इथं कामाचं नव्हतं.

"मी तुझा आजोबा," ते म्हणाले. "मीरा ना तू? तुझ्या मम्मीले सांग, आजोबा स्टेशनवर घ्यायले येतो म्हणते. महालक्ष्म्यांले. कोणत्या गाडीनं येता, तेवढं विचार."

"रुकिए, पूछती हूँ," ती म्हणाली, आणि फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला.

नानांनी तो कानाला तसाच धरून ठेवला. मंदाकिनीबाई त्यांच्या अगदी जवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या. शिशिरने वाकून संगणक बंद केला, म्हणजे पंख्याची घरघर थांबून पलीकडचं काही आलं तर ऐकू येईल.